काचेच्या धाग्याचं गणित

इंटर सायन्सचा निकाल लागला त्याच आठवड्यात दादांनी माझी पुस्तकं शेजारच्या वकिलांच्या मुलाला देऊन टाकली. मी वर्गात पहिली आले होते. दादा म्हणजे माझे वडील. देवासला राजाच्या दोन गाद्या होत्या, त्यांना पाती म्हणत. त्यांतल्या थोरल्या पातीच्या दरबारात ते कारकून होते. संस्थानं गेली आणि थोरल्या-धाकट्या दोन्ही पातींची माणसं एकाच कचेरीत एका बाकावर येऊन बसली, तेव्हापासून ते कुणाशी धड बोलत नसत. बी.एस्सी. करायचं तर इंदूरला होस्टेलवर राहावं लागणार होतं. होस्टेल हा शब्द त्यांनी घरात काढू दिला नाही. आईनं एकदा काढला, तर दोन दिवस तिच्या हातचं जेवले नाहीत.

मध्यभारत जाऊन मध्यप्रदेश झाला, त्याच्या पुढल्या वर्षी मला धारच्या एका कन्याशाळेत गणित शिकवायची नोकरी लागली. धारला माझी आत्या राहत होती, म्हणून दादा हो म्हणाले. मी एकोणीस वर्षांची होते. सकाळी मुलींना हिंदीतून अपूर्णांक शिकवायचे, दुपारी आत्याला निवडून-टिपून द्यायचं आणि संध्याकाळी ओट्यावर बसायचं. माझ्या मनात एकच गोष्ट होती, इथून सुटायची. त्यासाठी काय करावं लागेल याचा मी फारसा विचार केला नव्हता. करावं लागलं तेव्हा मात्र मी फार वेळ घेतला नाही.

आत्याची धारेश्वराच्या कीर्तनात एका बाईंशी ओळख होती. त्यांना सगळे जीजी म्हणत. पंचेचाळिशीच्या, विधवा, उंच, थोड्या वाकलेल्या. धाकट्या भावाकडे राहायच्या. भाऊ कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. त्यांची आई बाळंतपणातच गेली होती, तेव्हा जीजी आठ वर्षांच्या होत्या. भावाला त्यांनीच दूध पाजून, अंगावर झोपवून वाढवलं होतं. लग्न होऊन त्या सासरी गेल्या, पंधरा वर्षांनी नवरा वारला, त्या परत आल्या. भावानं लग्न केलं नव्हतं. त्या घरात एक स्वयंपाकघर आणि बाकी सगळी पुस्तकं.

एक दिवस जीजी आत्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या भाचीला लॉगटेबल येतं म्हणे. भाऊला माणूस हवंय."

भाऊ म्हणजे मी ज्यांना पुढे सर म्हणू लागले ते. पहिल्या रविवारी मी गेले तेव्हा त्यांनी खिडक्या लावून खोलीत अंधार केला. पुठ्ठ्याच्या खोक्यात बॅटरी ठेवली होती, खोक्याला भोक होतं. प्रयोगशाळेतली काचेची कांडी ज्योतीवर तापवून त्यांनी दोन ठिकाणी वाकवली होती. तिचं एक टोक भोकाशी धरलं. कांडी मधे काळीच राहिली आणि दुसरं टोक, जे भिंतीकडे वळलेलं होतं, ते लखलखलं. प्रकाश कांडीच्या आतल्या बाजूंवर आपटत आपटत वळणावरून गेला होता.

हे परदेशात लोक केसासारख्या काचेच्या धाग्यांतून करू लागलेत, असं सरांनी सांगितलं. इंदूरच्या एका लायब्ररीत त्यांनी वाचलं होतं. पण लांब धाग्यात प्रकाश वाटेत मरतो. टेलिफोनच्या ट्रंक लाइनवर अधूनमधून आवाज वाढवणारं यंत्र बसवतात, तसं प्रकाशाला काही करता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता. यंत्र मधे न बसवता काचेलाच असं काही भारून ठेवायचं की जाणारा प्रकाश तिच्यातून आणखी प्रकाश काढून घेईल. तशी काच धारमध्ये काय, सगळ्या हिंदुस्थानात नव्हती. म्हणून ते म्हणाले, "करून पाहता येत नाही, तर कागदावर करून पाहू."

त्यांनी केलेली मांडणी मला आजही पाठ आहे. धाग्याचे लांबीत शंभर तुकडे पाडायचे. धागा जाड असल्यामुळे प्रकाशाला आतून जायला एकच वाट नसते. त्यांनी सात धरल्या होत्या. एक सरळ, बाकीच्या सहा कमी-जास्त तिरक्या, भिंतीवर आपटत जाणाऱ्या. प्रत्येक तुकड्यात भारलेल्या प्रकाशाचा साठा भरलेला. प्रकाशाची लाट तुकड्यात शिरली की सातही वाटांवरचा प्रकाश त्या साठ्यातून थोडं थोडं घेणार. तिरक्या वाटेला चालणं जास्त, म्हणून ती जास्त घेणार, पण भिंतीवर थोडं गमावणारही. सातांनी मिळून घेतलेलं साठ्यातून वजा करायचं, आणि राहिलेल्यातून पुढल्या क्षणी पुन्हा सातांना द्यायचं. मग पुढला तुकडा. फूलस्केप कागदावर सात रकाने, आठवा साठ्याचा.

चूक पकडता यावी म्हणून तोच तक्ता दोघींनी वेगवेगळा करायचा होता. एक मी. दुसरी कोण, ते मला दुसऱ्या रविवारी कळलं. जीजींनी चुलीवरचं उतरवलं, हात पुसले आणि माझ्यासमोर चटईवर टाक-दौत घेऊन बसल्या. त्यांचे यजमान जमीनमोजणीच्या खात्यात होते. गावोगाव तंबूत राहताना क्षेत्रफळांची आकडेमोड त्याच करून द्यायच्या. त्यांच्याकडे नवऱ्याचं जुनं लॉगटेबल होतं, पाठीला कापड चिकटवलेलं. त्या ते फारसं उघडत नसत. बरेच आकडे त्यांना तसेच येत.

मी रोज शाळा सुटल्यावर जाऊ लागले. मला त्या आवडल्या नाहीत. शाळेची पाचवी झालेली बाई माझ्यासमोर बसून माझंच काम करते, हे मला खुपलं. त्या हळू करायच्या. एक तुकडा, त्यातल्या सातही वाटा, बेरीज, वजाबाकी, मग पुन्हा सात. आडवं आडवं जायचं. मी तीन दिवसांत शोधून काढलं की उभं केलं तर हात भराभर चालतो. एक वाट घ्यायची आणि तिचा रकाना वरपासून खालपर्यंत उतरवत न्यायचा. मग दुसरी. बेरजेला थांबायला नको. मी जीजींच्या तिप्पट वेगानं कागद संपवू लागले. सर माझे कागद हातात घेऊन म्हणायचे, हिला म्हणतात आकडेमोड. जीजी ऐकायच्या आणि टाक दौतीत बुडवायच्या.

सर रोज माझा एखादा रकाना तपासत. रकाना बरोबर असे. एकेक रकाना पाहिला तर त्यात चूक नव्हतीच.

महिनाभरानं सर कॉलेजात असताना, दुपारी, जीजींनी माझा एक कागद ओढून घेतला. बराच वेळ त्या बघत राहिल्या.

"तू उभं करतेस?"

"हो. लवकर होतं."

"मग साठा?"

"साठ्याचं काय?"

"ह्या वाटेनं घेतलं ते पुढच्या वाटेला कमी पडायला हवं ना. तू सातही जणींना भरलेलं ताट वाढतेस."

मला तेव्हाच कळलं. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत कळलं. महिन्याभराचे कागद माझ्या शेजारी रचून ठेवले होते आणि त्यांतला एकही कामाचा नव्हता. त्याच आठवड्यात सर मला म्हणाले होते की हे काम संपलं की ते इंदूरच्या कॉलेजच्या प्राचार्यांना माझ्यासाठी पत्र देतील आणि दादांशी स्वतः बोलतील. मला त्या पत्रातली वाक्यंसुद्धा दिसू लागली होती.

मी म्हणाले, "सरांनी मला असंच करायला सांगितलंय."

जीजींनी माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली. भाऊ एकाला एक सांगतो, दुसऱ्याला दुसरं, असं काहीतरी पुटपुटल्या आणि कागद परत दिला.

संध्याकाळी त्यांनी सरांना विचारून पाहिलं. सर माझ्या शेवटच्या कागदावर होते. माझ्या हिशेबात धाग्याच्या दुसऱ्या टोकाला वीसपटीहून जास्त प्रकाश बाहेर पडत होता. त्यांचा चेहरा मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही. जीजी साठ्याचं सांगू लागल्या तर त्यांनी मान वरही केली नाही.

"जीजी, ती इंटर सायन्स आहे. तू नवऱ्याची शेतं मोजायचीस."

जीजी आत गेल्या. मी माझं दप्तर आवरलं.

दोन तक्ते जुळेनात हे उघडच होतं. जीजींचा प्रकाश वाढत होता, पण थोडा. शेवटच्या तुकड्यांत तर जवळजवळ थांबत होता, कारण त्यांच्या धाग्यातला साठा संपत होता. सरांना तो आकडा नको होता. त्यांनी त्यांना पुन्हा करायला लावलं. त्यांनी केलं, तेच आलं. सर म्हणाले, जुळेपर्यंत कर. सकाळी स्वयंपाकाआधी आणि दुपारी भांडी झाल्यावर त्या बसायच्या. तिसऱ्यांदाही तेच आलं, शेवटच्या अंकापर्यंत तेच. त्या दिवशी सर खाणावळीत जेवायला गेले आणि जाताना सांगून गेले की तक्ता जुळल्याशिवाय माझ्यासाठी चूल पेटवू नकोस. परत आल्यावर त्यांनी जीजींचे तिन्ही वेळचे कागद उचलून स्वयंपाकघराच्या दाराशी टाकले.

"चुलीला लाव. तेवढे तरी उपयोगी पडतील."

जीजींनी ते गोळा केले. कडा जुळवल्या, जसे कपाटात ठेवायचे असावेत. मग चुलीपुढे बसल्या. काडेपेटी फळीवर होती, त्यांचा हात पुरला नाही. ती मी काढून दिली.

तेव्हाही सांगता आलं असतं. एवढंच म्हणायचं होतं की चूक माझी आहे. मी उभी होते, कागद जळत होते, आणि मला वाटत होतं ते असं की आता पुरावा राहिला नाही, बरं झालं. हे मी नटवून सांगत नाही. मला नेमकं हेच वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून जीजींनी माझे आकडे उतरवून घ्यायला सुरुवात केली. त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं, मोडी लिहिलेल्या हाताचं, म्हणून सरांनी इंदूरला न्यायची पक्की प्रत त्यांच्याचकडून करून घेतली. दोन आठवडे त्या चुकीचे आकडे सुंदर अक्षरात लिहीत होत्या. एकदा मी त्यांना पाणी दिलं तर म्हणाल्या, "डोळ्यांपुढे जाळं येतंय गं." मी हे सरांना सांगितलं नाही. प्रत संपायची होती.

इंदूरला विज्ञान शिकवणाऱ्यांची एक सभा होती. सरांनी दादांनाही बोलावलं होतं. सभेनंतर माझ्या शिक्षणाचा विषय काढायचा त्यांचा बेत होता. दादा देवासहून गाडीनं आले, दरबाराच्या वेळचा लांब कोट घालून. आम्ही दोघं मागच्या बाकावर बसलो. सरांनी वाकवलेली कांडी दाखवली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी तक्ता भिंतीवर लावला आणि बोलू लागले. ते चांगलं बोलत होते.

पुढच्या रांगेत बाहेरगावाहून आलेले एक म्हातारे प्रोफेसर बसले होते. ते उठून तक्त्याजवळ गेले, चष्मा कपाळावर सरकवला आणि बोट ठेवून आडवी बेरीज करू लागले. सर बोलायचे थांबले. सगळी सभा त्या बोटाकडे पाहत होती. दोन ओळी झाल्यावर प्रोफेसर वळले.

"मास्टरसाहब, घड़े में जितना भरा, उससे सात गुना निकाल लिया? यह घड़ा हमें भी दिलवाइए।"

सभा हसली. हसू एकदम आलं आणि थांबेना. सर म्हणाले की उतरवण्यात काही चूक असेल. प्रोफेसर म्हणाले, उतारा तर फार सुंदर आहे. पुन्हा हसू. माझ्या शेजारी दादाही हसत होते. त्यांना त्यातलं काही कळलं नव्हतं. पुढचे मागचे हसतात म्हणून तेही हसत होते, डोळे पुसत होते. मग त्यांनी मला विचारलं, "काय म्हणाले ते?" मी म्हणाले, "काही नाही."

धारला परतीच्या बसमध्ये सर माझ्या शेजारी बसले नाहीत. ड्रायव्हरच्या मागच्या जागेवर, तक्त्याची गुंडाळी गुडघ्यांत धरून बसले होते. "भिया, जरा सरकजो," असं म्हणत एकानं त्यांच्या शेजारी गुळाची भेली ठेवली, तरी त्यांना कळलं नाही. घाटाबिल्लोदला बस थांबली तेव्हा ते मागे माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "उद्या तुझे कच्चे कागद घेऊन ये."

सकाळी आत्यानं बंब पेटवायला सांगितला. मी माझे सगळे कच्चे कागद त्यात घातले. आत्या म्हणाली, अगं, कोळसा आहे की. मी म्हणाले, रद्दीच आहे. त्या पाण्यानं मी आंघोळ केली आणि शाळेत गेले.

शाळा सुटल्यावर सरांकडे गेले. पक्की प्रत पसरून ते खाली बसले होते. जीजी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. सरांनी मला बसायला सांगितलं नाही.

"साठा वजाच केलेला नाही," ते म्हणाले. "सात वेळा भरलाय."

"मी तेच सांगत होते," जीजी म्हणाल्या.

त्यांनी हे हळूच म्हटलं. टोमणा नव्हता. पण सरांच्या मानेची शीर फुगली.

"मग लिहिलंस कशाला? तुझं बरोबर होतं तर बदललंस कशाला?"

"तू जुळव म्हणालास म्हणून."

"जुळव म्हणालो. खोटं लिही म्हणालो नाही." मग ते माझ्याकडे वळले. "तुला हे उभं करायला कुणी सांगितलं?"

मी उत्तर द्यायच्या आधी जीजी बोलल्या. "तूच सांगितलंस ना. तीच म्हणाली मला."

"मी?"

आता दोघंही माझ्याकडे पाहत होते. मला आठवतंय, माझे तळवे कोरडे होते. मी म्हणाले, "मी असं म्हटलं नाही. जीजींनीच मला सांगितलं, उभं कर, लवकर होतं म्हणून."

जीजी चौकट सोडून पुढे आल्या. माझ्यापासून हातभरावर उभ्या राहिल्या. त्यांच्या डाव्या डोळ्यात बुबुळावर पांढुरकं आलेलं होतं, ते मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं.

"माझ्याकडे बघून म्हण."

मी त्यांच्याकडे बघितलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. शब्दही बदलला नाही.

त्या परत चौकटीशी जाऊन उभ्या राहिल्या. सरांनी माझे कच्चे कागद मागितले तर मी सांगितलं की ते प्रत करायला जीजींकडेच दिले होते, प्रत झाल्यावर त्यांनीच चुलीत घातले असतील. सरांनी विश्वास ठेवला. आज मला वाटतं, त्यांना तो ठेवायचाच होता. जीजी बरोबर होती आणि आपण तिचे कागद तिच्याच हातानं जाळायला लावले, हे मान्य करून त्या घरात राहणं त्यांना जमलं नसतं. तिनं मुद्दाम केलं हे मानणं सोपं होतं.

ते जीजींना म्हणाले, "मी मोठा झालेला तुला कधी खपलंच नाही. मी तुझ्या मांडीवरच बसायला हवा होतो."

आठवड्याच्या आत सरांनी जीजींना कुक्षीला दिराकडे पाठवायचं ठरवलं. दिराला जीजींनी पंधरा वर्षांत तोंड दाखवलं नव्हतं. नवरा गेल्यावर त्याच घरातून त्यांना बाहेर काढलं होतं, हे सरांना माहीत होतं. निघायच्या दिवशी सरांनी जीजींची ट्रंक उघडून वरचं लॉगटेबल काढून घेतलं. इथे लागेल, म्हणाले. जीजी म्हणाल्या, ते तुमच्या जिजाजींचं आहे. आयुष्यभर ज्याला अरे-तुरे केलं त्याला तुमच्या म्हणाल्या. सरांनी पुस्तक कपाटात ठेवलं.

स्टँडवर सोडायला ते गेले नाहीत. मला पाठवलं. ट्रंकेचं एक कडं त्यांनी धरलं, एक मी. कुक्षीची बस लागली होती. मी ट्रंक टपावर चढवून घेतली, त्या खिडकीशी बसल्या. बस सुटायला बराच वेळ होता. मला जाता आलं असतं पण मी उभी राहिले, का ते सांगता येत नाही. बहुधा त्या खरोखर गेल्या याची खात्री करायला. त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. कंडक्टरनं विचारलं, "माँजी, साथ में कौन है?" त्या म्हणाल्या, "कोई नहीं."

सरांनी शब्द पाळला. त्यांनी पत्र दिलं. माझ्यासाठी ते दोनदा देवासला गेले, दोन्ही वेळा दादांनी त्यांना ओसरीवरूनच परत पाठवलं. तिसऱ्या वेळी सर कॉलेजच्या प्राचार्यांची चिठ्ठी घेऊन गेले, तेव्हा दादा हो म्हणाले. एवढा शिकलेला माणूस तीनदा दाराशी येतो, यानं ते हरले. जून महिन्यात मी इंदूरच्या होस्टेलवर राहायला गेले. पहिल्या दिवशी खोलीत माझी कॉट, माझं टेबल आणि खिडकी पाहून मी इतकी आनंदात होते की जीजींची आठवणसुद्धा झाली नाही. पुढेही फारशी झाली नाही. लोक म्हणतात अशा गोष्टी माणसाला खात राहतात. मला खाल्लं नाही. मी जेवत होते, झोपत होते, वर्गात पहिली येत होते.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत, होस्टेल रिकामं असताना, मी तो तक्ता पुन्हा केला. आडवा. पश्चात्ताप म्हणून नव्हे. कॉलेजात हातानं चालवायचं एक यंत्र आलं होतं, दांडा फिरवला की गुणाकार करणारं, आणि मला त्यावर काहीतरी मोठं करून पाहायचं होतं. आठ दिवस लागले. शेवटच्या ओळीला पोचले आणि थांबले. तो आकडा मी ओळखत होते. जीजींनी तीनदा आणलेला आकडा होता तो. मी काडेपेटी दिली तेव्हा वरच्याच कागदावर होता.

मग मी उरलेलं तपासलं. या तक्त्यात, म्हणजे जीजींच्याच तक्त्यात, प्रकाश वाढत होता. वीसपट नाही, तिपटीच्या आतबाहेर, पण वाढत होता, आणि प्रत्येक ओळीची बेरीज बसत होती. तिरक्या वाटा सरळ वाटेच्या तोंडचं पळवत होत्या, हेही त्यात स्वच्छ दिसत होतं. सरांचं म्हणणं खरं होतं. इंदूरच्या त्या सभेत त्यांनी जीजींचा तक्ता भिंतीवर लावला असता तर कुणाला हसता आलं नसतं. म्हाताऱ्या प्रोफेसरांचं बोट कितीही फिरलं असतं तरी.

हे कळल्यावर मात्र मला बसवेना. मी कुक्षीला गेले.

दिराचं घर बाजाराच्या मागे होतं, कपाशीच्या गाठींनी भरलेलं. मी धारहून आले म्हटल्यावर एका सुनेनं परसाकडे बोट केलं. जीजी जमिनीवर बसून तूर निवडत होत्या. डाळ डोळ्यांनी नाही, बोटांनी बघत होत्या. दोन्ही डोळ्यांत पांढरं उतरलं होतं. खडा लागला की त्या तो बाजूला ठेवायच्या, आणि निवडून झालेल्या ढिगातून सून मूठभर डाळ घेऊन पुन्हा खडे शोधायची, त्यांच्यासमोर.

मी नाव सांगितलं. त्यांची बोटं थांबली नाहीत.

"बी.एस्सी. झालीस?"

"शेवटचं वर्ष."

"बरं."

मी खाली बसले. मी सगळं सांगितलं. उभं मी केलं, खोटं मी बोलले, दोनदा बोलले, कागद मी बंबात घातले. तुमचा तक्ता बरोबर होता, मी यंत्रावर करून पाहिला, शेवटच्या अंकापर्यंत तोच आला. हे ऐकून त्यांना काहीतरी वाटेल अशी माझी कल्पना होती.

"बरोबर होता ते मला तेव्हाच माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तीनदा केलं होतं."

"माझं चुकलं, जीजी."

"भाऊला सांगितलंस?"

"नाही."

"मग इथे कशाला आलीस?"

जीजी सुनेला म्हणाल्या, "ह्या बाईंना बस आहे." सून मला दारापर्यंत सोडायला आली. चहाचं कुणी विचारलं नाही. मागे वळून पाहिलं तर त्यांचा हात परत डाळीत फिरत होता.

धारला बस बदलायची होती. सांगायचं ठरवूनच मी सरांच्या घरी गेले. त्यांचे केस पांढरे झाले होते. खोलीत चटई तशीच होती, स्वयंपाकाला एक बाई ठेवली होती. मला पाहून त्यांना फार आनंद झाला. त्या बाईला बोलावून म्हणाले, ही माझी विद्यार्थिनी, हिला मी इंदूरला घातली. पोहे झाले. मग स्वतःहून म्हणाले की कुक्षीहून दिराची पत्रं येतात, तिच्या डोळ्यांचं काही करा म्हणून. "मी उत्तर देत नाही. तिला कळू दे."

माझ्या पिशवीत नव्या तक्त्याचे कागद होते. सांगायला सुरुवात म्हणून मी ते काढले आणि त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी पहिल्या पानापासून आडव्या बेरजा करून पाहिल्या, शेवटच्या ओळीला आले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हे असंच यायला हवं होतं," ते म्हणाले. "तेव्हा ते जीजीच्या हाती पडलं नसतं, तर तेव्हाच आलं असतं. तू एकटीनं केलंस?"

जीजींचे कागद तीनदा त्यांच्यासमोर येऊन गेले होते. त्यांनी तो आकडा ओळखला नाही. त्यांनी तो कधी नीट पाहिलाच नव्हता.

"हो," मी म्हणाले. "एकटीनं."

आठ महिन्यांनी त्या तक्त्यावरचा लेख शिक्षकांच्या एका छोट्या मासिकात छापून आला. वर सरांचं नाव, खाली आकडेमोडीबद्दल माझे आभार. तोपर्यंत मी देवासला परत आले होते, आणि तिथल्या शाळेत मला नोकरी लागली होती. त्या पावसाळ्यात जीजी परसातल्या विहिरीजवळ पाय घसरून पडल्या आणि गेल्या, असं आत्याच्या पत्रात होतं. सर कुक्षीला गेले नाहीत, असंही होतं. मासिक दादांच्या नावानं आलं होतं. त्यांनी ते कचेरीत नेलं आणि थोरल्या पातीच्या, धाकट्या पातीच्या, सगळ्यांना माझं नाव काढून दाखवलं.